कामाचे लांबलेले तास आणि प्रोग्रामरच्या चुका: वसई-विरारहून रोज प्रवास करणाऱ्यांसाठी माहिती

थोडक्यात
• कामाचे तास वाढवले की एका मर्यादेपर्यंत काम वाढते. त्यापुढे चुका वाढतात आणि त्या निस्तरण्यात दुसरा दिवस जातो.
• सलग १७ तास जागे राहिल्यावर मेंदू मद्याच्या अंमलाखाली असल्यासारखा मंदावतो.
• थकलेल्या माणसाला आपण किती थकलो आहोत, याचा नीट अंदाज येत नाही. घरच्यांच्या ते आधी लक्षात येते.
• वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांनी दिवस मोजताना प्रवासाचे तासही धरले पाहिजेत.

तुम्ही स्वतः आयटी क्षेत्रात असाल किंवा तुमचा मुलगा, मुलगी, पती, पत्नी त्या कामात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. या क्षेत्रातले तरुण दवाखान्यात येतात तेव्हा "माझ्या कामात चुका वाढल्या" अशी तक्रार सहसा करत नाहीत. डोके दुखते, ॲसिडिटी होते, मान आखडते, झोप लागत नाही, उगाच चिडचिड होते, असे सांगतात. थोडे अधिक विचारले की कळते, गेले कित्येक महिने रोजची झोप पाच-साडेपाच तासांवर आली आहे आणि पूर्वी तासाभरात होणाऱ्या कामाला आता तीन तास लागतात. अनेकांना वाटते, आपली बुद्धीच कमी पडू लागली. बहुतेक वेळा बुद्धी तीच असते, तिला विश्रांती मिळालेली नसते.

तुमचा दिवस खरोखर किती तासांचा आहे?

कागदावर नोकरी ९ तासांची असते. आता विरार पश्चिमेला राहणाऱ्या आणि अंधेरी पूर्वेला सीप्झ-एमआयडीसी भागात काम करणाऱ्या माणसाचा दिवस मांडून पाहू.

• सकाळी ६ वाजता उठणे, सव्वासातला घर सोडणे.
• शेअर रिक्षाने स्टेशन, गाडीची वाट, विरार लोकलने साधारण तासाभरात अंधेरी, तिथून मेट्रो, बस किंवा रिक्षा. साडेनऊला ऑफिस.
• रात्री ८ ला ऑफिस सोडणे, सव्वादहाला घरी.
• जेवण उरकून साडेदहा ते साडेअकरा परदेशातल्या टीमबरोबर कॉल.
• अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत सव्वाबारा.

या हिशेबात प्रवासाचे रोज साडेचार तास होतात, पाच दिवसांचे साडेबावीस. झोपेला पावणेसहा तास उरतात, तेही पडल्या पडल्या झोप लागली तर. आणखी एक गोष्ट बघा. सकाळी ६ ला उठलेल्या माणसाला रात्री ११ वाजता जागे होऊन १७ तास झालेले असतात. नेमक्या त्याच वेळी तो कॉलवर असतो, किंवा नवा कोड ग्राहकांसाठी सुरू करत असतो, ज्याला ऑफिसात 'रिलीज' म्हणतात.

मालाड, गोरेगाव, पवई, बीकेसी किंवा ऐरोलीला जाणाऱ्यांनी आपापला हिशेब असाच मांडावा. कामाचे तास किती, यापेक्षा आज जागे होऊन किती तास झाले, हा आकडा मेंदूच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी अंधेरीतच राहत असेल, तर तुमचे आणि त्याचे 'दहा तास काम' सारखे नसते.

थकल्यावर मेंदूत काय होते?

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन साचत जाते. ते जितके साचेल तितकी झोपेची ओढ वाढते. झोपेत ते कमी होते. चहा-कॉफीतले कॅफिन ॲडेनोसिनचा परिणाम काही काळ अडवते, पण साचलेले ॲडेनोसिन काढून टाकत नाही. म्हणून कॉफीचा असर ओसरला की थकवा एकदम जाणवतो.

याशिवाय शरीराचे २४ तासांचे घड्याळ असते. पहाटे साधारण २ ते ५ या वेळात सावधपणा सर्वांत कमी असतो. दुपारी जेवणानंतरही तो थोडा उतरतो.

झोप कमी पडली की सर्वांत आधी कपाळामागच्या भागाचे काम ढासळते. प्रोग्रामिंगला लागणाऱ्या क्षमता याच भागावर अवलंबून आहेत: पाच-सहा गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवणे, एक बदल केला तर दुसरीकडे काय बिघडेल याचा अंदाज घेणे, चुकीचा मार्ग सोडून नवा धरणे, धोका ओळखून थांबणे. पाठ झालेली कामे थकव्यातही बरी जमतात. विचार लागणारी कामे आधी बिघडतात. घरी येताना रस्ता चुकत नाही, म्हणून आपण ठीक आहोत असे वाटते. हा समज फसवा असतो.

अभ्यास काय सांगतात?

जागेपणाचे तास: १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सलग १७ तास जागे असलेल्यांची हात-डोळ्यांच्या समन्वयाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतकी घसरलेली आढळली. २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीवर गेली. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे.

रोजची थोडी थोडी कमी झोप: २००३ च्या एका प्रयोगात निरोगी प्रौढांना १४ दिवस रोज ४, ६ किंवा ८ तास झोपू दिले. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली आणि शेवटी एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी झाली. काळजीची गोष्ट पुढे आहे. त्यांना स्वतःला मात्र 'थोडीशीच झोप येते' असे वाटत होते. "मला सहा तास पुरतात, सवय झाली आहे" असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. सवय थकवा न जाणवण्याची होते, कामगिरी मात्र घसरतच राहते.

प्रोग्रामरवरचे अभ्यास: इटलीतल्या संशोधकांनी संगणकशास्त्राच्या ४५ विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंगचे काम दिले. त्यातल्या काहींना आदल्या रात्री जागवले होते. न झोपलेल्यांच्या कामाची गुणवत्ता जवळजवळ निम्म्याने कमी भरली. दुसऱ्या एका अभ्यासात, २०११ मध्ये, लिनक्स कर्नेल आणि पोस्टग्रेएसक्यूएल या दोन मोठ्या प्रकल्पांतल्या कोडची वेळेनुसार तपासणी झाली. मध्यरात्री १२ ते पहाटे ४ या वेळात जमा झालेल्या बदलांत चुका जास्त निघाल्या. सकाळी ७ ते दुपारी १२ मधल्या बदलांत कमी निघाल्या.

या अभ्यासांना मर्यादाही आहेत. पहिला विद्यार्थ्यांवर आणि एका रात्रीच्या जागरणावर झाला. दुसऱ्यात वेळ आणि चुका यांचा संबंध दिसला, पण रात्रीचे काम घाईचेही असू शकते. तरीही झोपेवरच्या इतर संशोधनाशी हे निष्कर्ष जुळतात.

जास्त वेळ बसले की काम जास्त होते का?

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटल्यापासून हा विषय घरोघरी बोलला जातो. त्यात कष्टाचे मोल किती, ही चर्चा वेगळी. डॉक्टर म्हणून सांगण्यासारखे एवढेच, की तासांबरोबर काम किती वाढते हे मोजलेले आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या जुन्या नोंदी तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते. त्यापुढे प्रत्येक वाढीव तासाचे उत्पादन कमी कमी होत गेले. ७० तास काम करणाऱ्यांचे एकूण उत्पादन ५६ तास काम करणाऱ्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. म्हणजे वरचे १४ तास जवळजवळ वाया गेले.

ते काम हातांचे होते, तरी एक फरक इथे महत्त्वाचा आहे. कारखान्यात खराब झालेला नग बाजूला काढता येतो. कोडमधली चूक मात्र दिसत नाही. ती बाकीच्या कोडमध्ये मिसळते आणि आठवड्याभराने, कधी महिन्याने, ग्राहकाची तक्रार येते तेव्हा सापडते. तोवर तिच्यावर आणखी काम उभे राहिलेले असते. त्यामुळे रात्री दोन तास जास्त बसून 'झालेले' काम पुढच्या आठवड्यात सहा तास खाऊ शकते. तो हिशेब कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून जागरण फायद्याचे वाटते.

थकव्यात होणाऱ्या चुका कशा ओळखाव्यात?

• पायरी गळणे: दहा पायऱ्यांच्या कामात सातवी राहून जाते. डेटाचा बॅकअप घ्यायचा राहतो.
• जागा चुकणे: चाचणीसाठीच्या सर्व्हरऐवजी ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सर्व्हरवर कमांड चालवली जाते. डिलीट करताना अट लिहायची राहते आणि सगळ्याच नोंदी पुसल्या जातात.
• एकाच वाटेवर अडकणे: तोच उपाय चौथ्यांदा करून पाहिला जातो. दुसरी शक्यता सुचतच नाही. सकाळी तोच प्रश्न दहा मिनिटांत सुटतो.
• तपासणी वरवर होणे: सहकाऱ्याचा कोड वाचताना डोळे ओळींवरून जातात, पण अर्थ लागत नाही. 'ठीक आहे' म्हणून पुढे सोडले जाते.
• धोका कमी वाटणे: "चालेल, सकाळी बघू" हे वाक्य वारंवार येऊ लागते.

यातल्या दोन-तीन गोष्टी आठवड्यात वारंवार होत असतील, तर तो तुमच्या योग्यतेवरचा शेरा समजू नका. आधी झोपेचे तास मोजा.

चूक फक्त कोडमध्येच होते असे नाही

रात्री उशिरा स्टेशनवर उतरून पार्किंगमधली बाइक काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. अपुऱ्या झोपेत मेंदू काही सेकंदांसाठी आपोआप 'बंद' होतो. डोळे उघडे असले तरी माणूस त्या क्षणी पाहत नसतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी बाइक तीन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. नालासोपारा किंवा वसई पूर्वेच्या अंधाऱ्या, खड्डे असलेल्या रस्त्यावर, किंवा मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अवजड वाहनांच्या मधून जाताना, तेवढे अंतर फार असते. डोळे जड झाले असतील, शेवटचे दोन सिग्नल आठवत नसतील, तर बाइक तिथेच ठेवा आणि रिक्षाने जा. धावत्या लोकलच्या दारात उभे राहणेही अशा वेळी टाळा.

दीर्घकाळ असेच चालले तर शरीरावर काय परिणाम होतो?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. हा धोका वर्षानुवर्षांच्या सवयीने वाढतो. एखाद्या आठवड्याच्या जास्त कामाने घाबरून जाऊ नका. मात्र तुम्हाला आधीच रक्तदाब किंवा मधुमेह असेल, वजन जास्त असेल, धूम्रपान असेल किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर ही गोष्ट पुढे ढकलण्यासारखी नाही.

काय करता येईल?

ऑफिसात
• अवघड आणि धोक्याचे काम सकाळी घ्या. ईमेल, नोंदी, अहवाल यांसारखी कामे दिवसाच्या शेवटी ठेवा.
• रिलीज रात्री उशिरा किंवा शुक्रवारी संध्याकाळी ठेवू नये, यासाठी टीमशी बोला. "थकलो आहे" म्हणण्यापेक्षा "सकाळी दहाला घेऊ, काही बिघडले तर दुरुस्त करायला सगळे हजर असतील" असे सांगा. ही कामाच्या फायद्याची गोष्ट आहे आणि व्यवस्थापकाला ती पटते.
• रात्री काम करावेच लागले, तर पायऱ्या आधीच कागदावर लिहा. एकेक पूर्ण झाली की खूण करा. डेटा पुसणारी कोणतीही कमांड दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय चालवू नका.
• एकाच अडचणीवर ४५ मिनिटे गेली आणि काही सुचत नसेल, तर उठा, पाणी प्या, थोडे चाला.

प्रवासात
• सकाळी बसायला जागा मिळाली तर १५-२० मिनिटांची डुलकी चांगली.
• संध्याकाळी बोरिवलीपासून विरारपर्यंत गाढ झोपणे टाळा. त्या झोपेने रात्रीची झोप उशिरा लागते.
• जागा मिळावी म्हणून नालासोपाऱ्याहून उलटे विरारला जाऊन 'रिटर्न' येत असाल, तर तो वेळ रात्रीच्या झोपेतून जातो का, ते बघा.
• घरून कामाचे दिवस मिळत असतील, तर सकाळी वाचलेला वेळ झोपेला द्या. तो वेळही कॉलने भरला तर फायदा उरत नाही.
• पावसाळ्यात गाड्या कधीही खोळंबतात. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून वसई-विरार दरम्यानची वाहतूक थांबली होती. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी महत्त्वाचे काम ठरवू नका.

घरी
• उठण्याची वेळ रोज जवळजवळ सारखी ठेवा. रविवारी दुपारपर्यंत झोपल्याने सोमवारची सकाळ अधिक जड जाते. सुट्टीच्या दिवशी तास-दीड तास जास्त झोपायला हरकत नाही.
• दुपारी ३-४ नंतर चहा-कॉफी टाळा. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात असतो.
• कॉल संपल्यावर लगेच झोप येत नाही. उद्याची कामे कागदावर लिहून लॅपटॉप बंद करा आणि किमान अर्धा तास कोणताही स्क्रीन पाहू नका.
• झोप यावी म्हणून मद्य घेऊ नका. त्याने झोप लवकर लागते, पण तुटक होते.
• झोपेच्या किंवा जागे राहण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

रात्रीची शिफ्ट किंवा ऑन-कॉल असेल तर
• पहाटे ३ ला फोनने जागे झाल्यावर मेंदू पूर्ण सावध व्हायला १५ ते ३० मिनिटे लागू शकतात. शक्य असेल तर तोवर फक्त माहिती गोळा करा. मोठा बदल करू नका.
• रात्रभर काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा मागा.
• सकाळी घरी येऊन झोपताना खोलीत अंधार करा, फोन बंद ठेवा.

घरच्यांसाठी

त्या व्यक्तीला स्वतःचा थकवा कळत नसल्यामुळे तुमचे निरीक्षण मोलाचे आहे. एकच प्रश्न तीनदा विचारणे, जेवताना हरवल्यासारखे बसणे, बाइकची किल्ली गाडीलाच विसरणे, क्षुल्लक कारणावरून मुलांवर ओरडणे, सुट्टीच्या दिवशी कशातच रस नसणे, ही लक्षणे तारखेसह लिहून ठेवा. "एवढे काय काम असते?" असे विचारून वाद होतो. "गेल्या आठवड्यात तू पाचच तास झोपत होतास" असे सांगितले तर ऐकले जाते. दिवसा झोपलेल्या शिफ्टवाल्याला पाहुणे, बेल, कुरियर यांसाठी उठवू नका. घराच्या कर्जाचा हप्ता, नोकरी जाण्याची भीती हीसुद्धा जागरणाची कारणे असतात. त्यावर घरात शांतपणे बोलणे हा उपचाराचाच भाग आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

• दोन-तीन आठवडे पुरेशी झोप घेऊनही थकवा जात नसेल.
• मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, सकाळी डोके जड असणे.
• गाडी चालवताना किंवा मीटिंगमध्ये डोळा लागणे.
• संधी असूनही आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री झोप न लागणे.
• सतत उदास वाटणे, स्वतःला निरुपयोगी समजणे.

सगळा थकवा कामाचाच असतो असे नाही. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडणे आणि नैराश्य यांतही असाच थकवा येतो. डॉक्टर रक्तदाब आणि काही साध्या रक्त तपासण्या करून हे पाहू शकतात. येताना दोन आठवड्यांची झोपेची नोंद आणा. त्याने निदान सोपे होते.

छातीत दाब किंवा दुखणे, दरदरून घाम, अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काही झाले तर वाट पाहू नका. १०८ वर फोन करा किंवा लगेच रुग्णालयात जा. जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. अशा माणसाला एकटे ठेवू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डेडलाइनच्या आठवड्यात जास्त बसावेच लागते. मग काय करावे?
एखादा आठवडा चालतो. त्याची शेवटची तारीख आधी ठरलेली असावी आणि नंतर झोप भरून काढायला दोन-तीन दिवस मिळावेत. 'हाच आठवडा' असे म्हणत तीन महिने गेले असतील, तर ती डेडलाइन राहिलेली नाही, ती कामाची पद्धत झाली आहे.

मला रात्रीच एकाग्रता होते. ते चुकीचे आहे का?
नाही. काहींचे शरीराचे घड्याळ उशिराचे असते. पण मग सकाळी उशिरा उठता आले पाहिजे. रात्री २ पर्यंत काम आणि ६ ला उठून गाडी, हे कोणालाच झेपत नाही.

कायद्यात कामाच्या तासांना मर्यादा आहे का?
महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठेवली होती. त्यापुढील कामाला दुप्पट दराने मोबदला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा १० तास करण्याच्या बदलाला मंजुरी दिली. व्यवस्थापकीय पदांवरच्या लोकांना या तरतुदी लागू होत नाहीत. कायद्याने १० तास चालत असले, तरी त्यात विरारचा प्रवास धरलेला नाही. तो तुम्हालाच धरावा लागतो.

सुरुवात कुठून करू?
आज रात्रीपासून दोन आठवडे तीन आकडे लिहा: किती वाजता उठलो, किती वाजता शेवटचे काम केले, किती तास झोपलो. पहिल्या दोन आकड्यांमधले अंतर १७ तासांच्या पुढे जाते असे दिवस किती, ते मोजा. बदल करायला तेच दिवस आधी निवडा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. स्वतःच्या तक्रारींसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.